मत्स्यालयातील वाळूचा तळ

मत्स्यालयातील वाळूचा तळ म्हणजे घरगुती किंवा सार्वजनिक मत्स्यालयाच्या टाकीत खडी अथवा गोट्यांऐवजी पसरलेला बारीक, गोलसर कणांच्या वाळूचा थर होय. तळाशी राहणारे, तळातून अन्न शोधणारे किंवा तळात स्वतःला पुरून घेणारे मासे पाळताना हा थर वापरतात. खडी काढून वाळू घालणे हा वरवर सजावटीतील बदल वाटतो. प्रत्यक्षात त्यामुळे माशांची खाण्याची रीत, टाकीतील उपयुक्त जिवाणूंची संख्या, पाणी गाळण्याची व्यवस्था आणि स्वच्छतेची पद्धत या चारही गोष्टी बदलतात. हा बदल घाईने केल्यास पाण्यात अमोनिया साचून मासे दगावू शकतात.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडील चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतून वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती आणि गोदावरी या नद्या वाहतात. त्यांच्या पात्रांत वाळूचे विस्तीर्ण पट्टे, खडकाळ उतार आणि गाळाचे डोह असे तळाचे तिन्ही प्रकार आढळतात. कोणत्या माशाला कसला तळ लागतो, हे या नद्यांतील माशांच्या शरीररचनेवरून व सवयींवरून समजते. विदर्भात वाळूला सर्रास ‘रेती’ म्हणतात.

वाळू आणि खडी

भूशास्त्रात कणांच्या आकारावरून गाळाचे वर्गीकरण करतात. चेस्टर वेंटवर्थ यांनी १९२२ मध्ये मांडलेल्या मापनश्रेणीनुसार ०.०६२५ मिलिमीटर ते २ मिलिमीटर व्यासाच्या कणांना वाळू म्हणतात. त्याहून बारीक कण गाळ व चिकणमाती या गटांत मोडतात, तर २ मिलिमीटरहून मोठे कण खडी, गोटे व धोंडे या गटांत येतात. मत्स्यालयाच्या दुकानांत मिळणारी रंगीत खडी साधारणपणे काही मिलिमीटर आकाराची असते.

कणांमधील पोकळ्यांचा आकार हा दोन्ही तळांतील मुख्य फरक आहे. खडीतील पोकळ्या मोठ्या असतात. त्यांतून पाणी सहज खेळते, पण अन्नाचे कण आणि माशांची विष्ठाही त्यांतच उतरते. तळवासी माशाचे तोंड त्या खोल फटींपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे अन्न सडते आणि मासा उपाशी राहतो. वाळूच्या पोकळ्या अतिशय लहान असल्याने अन्न व विष्ठा पृष्ठभागावरच राहते. मासा अन्न टिपू शकतो आणि उरलेली घाण दिसून येत असल्याने ती काढणेही सोपे जाते. मात्र वाळूच्या थरात पाणी फारसे खेळत नाही. प्राणवायू केवळ वरच्या पातळ थरापर्यंत पोहोचतो आणि थर जाड असल्यास खालचा भाग प्राणवायूविरहित होतो.

नैसर्गिक अधिवास

वैनगंगा मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि भंडारा परिसरातून दक्षिणेकडे येऊन चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांची सीमा बनते. तिच्या खोऱ्याचा मोठा भाग ग्रॅनाइट व पट्टिताश्म यांसारख्या प्राचीन स्फटिकमय खडकांचा आहे. त्यामुळे तिच्या वाळूत गारगोटी आणि फेल्स्पार यांचे फिकट कण अधिक असतात. वर्धा नदी बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावते व दख्खनच्या काळ्या बेसाल्ट प्रदेशातून येते. चंद्रपूर जिल्ह्यात तिच्या खोऱ्यात चुनखडक आणि कोळशाचे थर असलेले वालुकाश्म आढळतात. चपराळा अभयारण्याच्या परिसरात वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम होतो आणि तेथून पुढे नदी प्राणहिता या नावाने ओळखली जाते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. गडचिरोलीच्या पूर्व सीमेवरून वाहणारी इंद्रावती सोमनूर येथे गोदावरीत विलीन होते. भामरागड येथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम आहे.

या नद्यांचा तळ वर्षभर सारखा राहत नाही. पावसाळ्यात पुराबरोबर नवी वाळू येते आणि जुने दांडे वाहून जातात. हिवाळ्यात प्रवाह संथ झाल्यावर वाळूवर शेवाळ व सेंद्रिय कणांचा पातळ थर जमतो आणि त्यात कीटकांच्या अळ्या व कृमी वाढतात. तळवासी माशांचे हे मुख्य खाद्य होय. उन्हाळ्यात पात्राचा बराच भाग कोरडा पडतो व पाणी डोहांपुरते उरते. त्या काळात काही लहान मासे ओल्या वाळूत किंवा चिखलात दडून राहतात.

नद्यांखेरीज या दोन जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलावांची मोठी संख्या आहे. मालगुजारी पद्धत १९५१ मध्ये संपुष्टात आल्यावर ते शासनाकडे गेले. बोलीभाषेत त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. या तलावांचा तळ प्रामुख्याने चिकणमाती व गाळाचा असतो आणि तेथे मागूर, शिंगी, मरळ यांसारखे कमी प्राणवायूत तग धरणारे मासे राहतात. एकाच तालुक्यात वाळूच्या तळाचे नदीतील मासे आणि गाळाच्या तळाचे तलावातील मासे असे दोन निरनिराळे समूह आढळण्याचे हे कारण आहे. नदीवर व तलावांवर मासेमारी करणाऱ्या ढिवर, भोई, केवट या समाजांच्या उपजीविकेत तळाच्या या फरकाची जाण अनुस्यूत आहे. जाळे, गळ किंवा सापळा कोठे लावायचा हे तळावरून ठरते.

तळवासी माशांची अनुकूलने

वाळूत पुरून घेणारे मासे

लेपिडोसेफॅलिक्थिस या प्रजातीतील मासे बोटाएवढे, लांबट व अंगावर ठिपके असलेले असतात. मराठीत अशा माशांना मुरी म्हणतात, तर मत्स्यालय व्यवसायात ‘लोच’ हा शब्द रूढ आहे. तोंडाभोवतीच्या मिशांसारख्या स्पर्शिकांनी ते तळ चाचपतात, तोंडभर वाळू घेतात, त्यातील खाद्य वेगळे करून उरलेली वाळू कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. धोका जाणवताच ते क्षणात वाळूत शिरतात. पाण्यातील प्राणवायू कमी झाल्यास हे मासे पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात व आतड्याच्या साहाय्याने श्वसन करतात.

वाम हा सापासारखा लांब, टोकदार तोंडाचा मासा आहे. त्याचे शास्त्रीय नाव मास्टासेम्बेलस आर्माटस असे आहे. त्याच्या पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते. दिवसा तो वाळूत किंवा दगडांच्या फटीत शरीर लपवून केवळ तुंड बाहेर ठेवतो आणि रात्री भक्ष्य शोधतो. त्याच्या जवळच्या लहान जातीही मत्स्यालयात ठेवल्या जातात. टोकदार खडीत शिरण्याचा प्रयत्न करताना अशा माशांच्या त्वचेवर ओरखडे पडतात आणि जखमांत जिवाणूंचा किंवा बुरशीचा संसर्ग होतो.

वाळूवर विसावणारे मासे

ग्लोसोगोबियस गियुरिस हा गोबी कुळातील मासा वाळूच्या रंगाचा असतो आणि तळावर निश्चल पडून भक्ष्याची वाट पाहतो. त्याचा रंग तळाशी मिळताजुळता असल्याने तो सहज दिसत नाही. गडद किंवा भडक रंगीत खडीवर ठेवल्यास त्याचा हा आडोसा नाहीसा होतो. मिस्टस प्रजातीतील टेंगरा व स्पेराटा प्रजातीतील शिंगाळा या मिशाळ माशांच्या लांब स्पर्शिका सतत तळाला टेकलेल्या असतात. शिंगाळा मोठा होणारा शिकारी मासा असल्याने घरगुती टाकीत ठेवण्यास योग्य नाही.

दगडांवर राहणारे मासे

सर्वच तळवासी माशांना वाळू लागते असे नाही. गारा मुल्या या माशाच्या हनुवटीखाली चूषक चकती असते. तिच्या साहाय्याने तो वाहत्या पाण्यातील दगडांना चिकटतो व शेवाळ खरवडून खातो. कर्नल विल्यम हेन्री सायक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनमधील माशांचे वर्णन करताना ही जात नोंदवली आणि तिच्या शास्त्रीय नावात स्थानिक बोलीतील ‘मुल्या’ हे नाव कायम ठेवले. ग्लिप्टोथोरॅक्स प्रजातीतील लहान मिशाळ माशांच्या छातीवर घड्या पडलेली चिकट पट्टी असते आणि ती खडकाला धरून ठेवण्याच्या कामी येते. अशा माशांच्या टाकीत गुळगुळीत गोटे व जोरदार प्रवाह आवश्यक असतो. केवळ वाळूचा तळ त्यांना उपयोगी पडत नाही.

विदेशी तळवासी मासे

मत्स्यालयाच्या दुकानांत दक्षिण अमेरिकेतील कोरिडोरास आणि आग्नेय आशियातील कुहली लोच हे तळवासी मासे सर्वाधिक दिसतात. दोन्ही माशांना वाळू चाळण्याची सवय असते. दक्षिण अमेरिकेतील जिओफॅगस या माशाच्या नावाचा ग्रीक भाषेतील अर्थच ‘माती खाणारा’ असा आहे. महाराष्ट्र व कर्नाटकातील कृष्णा खोऱ्यात सापडणारा पट्टेरी बोटिया स्ट्रायटा हा मासाही शोभिवंत मासा म्हणून विकला जातो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद संकटग्रस्त अशी आहे.

वाळूची निवड

मत्स्यालयासाठी साधारणपणे अर्धा ते एक मिलिमीटर आकाराचे, गोलसर व एकसारखे कण असलेली वाळू योग्य मानली जाते. पाणीपुरवठा केंद्रांतील जलद वाळू गाळणीत वापरली जाणारी सिलिका वाळू या मापाच्या जवळपास असते. ती धुतलेली व चाळलेली मिळत असल्याने मत्स्यालयासाठीही वापरता येते. पुढील प्रकार टाळावेत.

• दगड फोडून केलेली कृत्रिम वाळू. तिचे कण धारदार असतात आणि स्पर्शिका व कल्ल्यांना इजा करतात.
• समुद्रकिनाऱ्यावरील शिंपलेयुक्त वाळू व प्रवाळाची वाळू. तिच्यातील चुन्यामुळे पाण्याचा जडपणा व सामू वाढतो.
• बांधकामावर उरलेली वाळू. तिच्यात सिमेंट, तेल किंवा लोखंडाचा गंज मिसळलेला असू शकतो.
• खाणी, कारखाने किंवा सांडपाण्याच्या नाल्यांलगतची वाळू. तिच्यात जड धातू व विषारी द्रव्ये असण्याचा धोका असतो.

चुन्याचा अंश ओळखण्यासाठी चमचाभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर टाकतात. बुडबुडे आल्यास वाळूत चुनखडीचे कण आहेत असे समजावे. चुनखडकाच्या प्रदेशातून आलेल्या वाळूबाबत ही परीक्षा विशेष उपयुक्त ठरते. दुसरी परीक्षा चुंबकाची आहे. लोहयुक्त खडकांपासून बनलेल्या वाळूत चुंबकाला चिकटणारे काळे कण असतात. ते पाण्यातील पंपाच्या चुंबकीय चक्राला चिकटून पंप बंद पाडतात. त्यामुळे कोरड्या वाळूतून कापडात गुंडाळलेले चुंबक फिरवून असे कण आधीच काढून टाकतात.

थराची जाडी दोन ते चार सेंटिमीटर पुरेशी असते. लागणाऱ्या वाळूचे प्रमाण टाकीची लांबी, रुंदी व थराची जाडी यांच्या गुणाकारावरून काढता येते. ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद टाकीत ३ सेंटिमीटर थरासाठी ५,४०० घन सेंटिमीटर, म्हणजे ५.४ लिटर वाळू लागते. कोरड्या वाळूचे वजन लिटरमागे साधारण दीड किलोग्रॅम धरल्यास हे प्रमाण सुमारे ८ किलोग्रॅम होते.

नत्रचक्र आणि तळबदलाचा धोका

माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून, तसेच सडणाऱ्या अन्नातून पाण्यात अमोनिया मिसळतो. एका गटातील जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसऱ्या गटातील जिवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही द्रव्ये अल्प प्रमाणातही माशांना घातक असतात. नायट्रेट तुलनेने सौम्य असून नियमित पाणी बदलून ते मर्यादेत ठेवता येते.

हे जिवाणू पाण्यात तरंगत राहण्यापेक्षा पृष्ठभागांना चिकटून वाढतात. गाळणयंत्रातील स्पंज, टाकीच्या काचा, लाकडे आणि तळातील खडी ही त्यांची मुख्य ठिकाणे होत. सर्व खडी एकाच दिवशी काढली, तर तिच्यावरील जिवाणूही टाकीबाहेर जातात. माशांची संख्या मात्र तेवढीच राहते. परिणामी काही दिवस अमोनिया वाढत जातो. पाण्याचा सामू व तापमान जास्त असल्यास अमोनियाचा विषारी अंश आणखी वाढतो.

भारतातील अनेक घरगुती टाक्यांत तळगाळणी वापरतात. तीत खडीखाली छिद्रे असलेली प्लास्टिकची जाळी ठेवून हवेच्या पंपाने पाणी खडीतून खाली ओढले जाते. अशा टाकीत खडीच गाळणयंत्राचे काम करते. तळगाळणीवर वाळू घातल्यास ती छिद्रांतून खाली उतरते व पाण्याचा मार्ग बंद होतो. त्यामुळे वाळूचा तळ करण्यापूर्वी स्पंज गाळणी किंवा टाकीच्या कडेला अडकवायची गाळणी बसवून ती जुन्या गाळणीसोबत किमान चार ते सहा आठवडे चालवावी लागते. या काळात नव्या गाळणीत जिवाणूंची पुरेशी वाढ होते.

हवामानाचाही विचार आवश्यक असतो. चंद्रपूर हे देशातील अतिउष्ण शहरांपैकी एक असून उन्हाळ्यात तेथील कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. २५ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३५ अंशांना हे प्रमाण सुमारे ७ मिलिग्रॅमपर्यंत घटते. उष्ण पाण्यात माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. नत्रीकरण करणाऱ्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. म्हणून एप्रिल ते जून या काळात तळ बदलणे टाळून पावसाळ्यानंतर किंवा हिवाळ्यात हे काम करणे सुरक्षित ठरते.

तळ बदलण्याची पद्धत

तळ एकाच वेळी किंवा टप्प्याटप्प्याने बदलता येतो. स्वतंत्र व परिपक्व गाळणी असलेल्या लहान टाकीत पहिली पद्धत सोयीची असते. माशांची संख्या जास्त असल्यास दर आठवड्याला तळाचा तिसरा किंवा चौथा भाग काढून तेथे वाळू घालतात. एकाच वेळी तळ बदलताना साधारणपणे पुढील क्रम पाळला जातो.

१. वाळू बादलीत थोडी थोडी घेऊन वाहत्या पाण्याखाली ढवळून धुतात. वर येणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुणे चालू ठेवतात. साबण वापरत नाहीत.

२. आदल्या दिवशी माशांना खाद्य देत नाहीत, म्हणजे विष्ठा व पर्यायाने अमोनिया कमी होतो.

३. टाकीतील निम्म्याहून अधिक पाणी स्वच्छ बादल्यांत काढून त्यात मासे हलवतात. बादलीत हवेचा दगड सोडतात व ती झाकतात, कारण मुरी व वाम फटीतून निसटून बाहेर पडतात. मिशाळ माशांच्या परांचे काटे जाळ्यात अडकत असल्याने ते प्लास्टिकच्या डब्याने पकडतात. शिंगी माशाचा काटा विषारी असल्याने तो हाताने धरणे धोक्याचे असते.

४. गाळणीतील स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच ओला ठेवतात. तो वाळल्यास किंवा क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्यात धुतल्यास त्यातील जिवाणू मरतात.

५. मासे बाहेर काढल्यावरच खडी उपसतात. जुन्या खडीखाली साचलेला गाळ ढवळल्यावर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटू शकतो. सडक्या अंड्यासारख्या वासावरून तो ओळखता येतो.

६. रिकाम्या तळावर मोठे दगड व लाकडे थेट काचेवर किंवा पातळ फोमवर टेकवतात आणि त्यांच्याभोवती वाळू पसरतात. वाळूवर दगड ठेवल्यास मासे त्याखाली उकरतात आणि दगड कलंडून मासा चिरडला जाण्याची किंवा काच फुटण्याची भीती असते.

७. वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर पाणी सावकाश ओततात. आधी साठवलेले जुने पाणी व मग क्लोरीन काढलेले नवे पाणी घालतात. क्लोरीन घालवण्यासाठी सोडियम थायोसल्फेट वापरतात.

८. जुन्या खडीपैकी मूठभर खडी जाळीच्या पिशवीत भरून दोन-तीन आठवडे टाकीत ठेवतात, म्हणजे तिच्यावरील जिवाणू नव्या तळावर पसरतात.

९. पाणी निवळल्यावर व तापमान जुळल्यावर मासे परत सोडतात. वाळूचा गढूळपणा सहसा एक-दोन दिवसांत ओसरतो.

त्यानंतर दोन ते चार आठवडे खाद्य निम्मे ठेवतात आणि अमोनिया व नायट्राइट यांची दर एक-दोन दिवसांनी चाचणी घेतात. यांपैकी एखादे द्रव्य आढळल्यास पाण्याचा चौथा ते तिसरा हिस्सा बदलतात. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागणे, कल्ले लालसर होणे किंवा एरवी तळाशी असणारे मासे वर तरंगत राहणे ही धोक्याची लक्षणे मानली जातात. मुरीसारखे मासे अधूनमधून हवा गिळण्यासाठी वर येतात. ती त्यांची नैसर्गिक सवय असली, तरी तळबदलानंतर हे प्रमाण एकाएकी वाढल्यास पाण्याची चाचणी आवश्यक ठरते.

देखभाल

खडी स्वच्छ करताना नळी खडीत खोल खुपसतात. वाळूबाबत तसे केल्यास वाळूच नळीतून ओढली जाते. म्हणून नळीचे तोंड पृष्ठभागाच्या किंचित वर धरून फिरवतात आणि हलकी घाण तेवढी उचलतात. गाळणीचे पाणी ओढणारे तोंड तळापासून काही सेंटिमीटर उंच ठेवतात.

जाड थरात प्राणवायूविरहित भाग तयार होऊ नयेत म्हणून वाळूचा वरचा भाग आठवड्यातून एकदा बोटाने किंवा काडीने हलकेच ढवळतात. वाळूत वावरणारे मासे व गोगलगायी हे काम काही प्रमाणात आपोआप करतात. मेलानॉइडिस ट्युबरक्युलाटा ही शंकूसारख्या लांबट शंखाची, भारतातील गोड्या पाण्यात सर्रास आढळणारी गोगलगाय दिवसा वाळूत शिरून राहते. खाद्य जास्त पडल्यास मात्र तिची संख्या झपाट्याने वाढते. व्हॅलिस्नेरियासारख्या रिबनसदृश पाणवनस्पतींची मुळे वाळूत चांगली पसरतात आणि थरात प्राणवायू पोहोचवतात. वाळूत स्वतःची पोषकद्रव्ये नसल्याने अशा वनस्पतींना मुळाशी खत द्यावे लागते.

मतभेद

तळवासी माशांच्या स्पर्शिका झिजण्याचे कारण कोणते, याबाबत मत्स्यपालकांमध्ये एकमत नाही. धारदार खडीवर घासल्याने स्पर्शिका झिजतात असे एक मत आहे. घाण साचलेल्या तळातील जिवाणूंच्या संसर्गामुळे त्या गळतात असे दुसरे मत असून, स्वच्छ व गुळगुळीत खडीवर मिशाळ मासे अनेक वर्षे निरोगी राहिल्याचे अनुभव त्याच्या पुष्टीसाठी सांगितले जातात. दोन्ही कारणे एकत्र घडू शकतात, कारण घासल्याने झालेल्या जखमेत घाणेरड्या तळातील जिवाणू सहज शिरतात. त्यामुळे वाळू घातली तरी स्वच्छतेची गरज संपत नाही. वाळू चाळण्याची व पुरून घेण्याची सहजप्रवृत्ती खडीवर पूर्ण होऊ शकत नाही, हा मुद्दा मात्र या मतभेदापासून स्वतंत्र आहे.

कायदेशीर बाजू

नदीतील वाळू हे गौण खनिज आहे. खाण व खनिज (विकास व नियमन) अधिनियम, १९५७ च्या कलम १५ नुसार गौण खनिजांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहे आणि त्यानुसार महाराष्ट्रात २०१३ चे गौण खनिज उत्खनन नियम लागू आहेत. विनापरवाना उत्खननाबद्दल महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खाली दंडाची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात, पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातील गौण खनिजांच्या पट्ट्यांसाठीही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली.

वनक्षेत्रात नियम अधिक कडक आहेत. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार जंगलातील माती, दगड व खनिजे यांचा समावेश वनोपजाच्या व्याख्येत होतो. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प, चपराळा व भामरागड अभयारण्य यांसारख्या संरक्षित क्षेत्रांत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू असतो. तेथील नाल्यातून टाकीपुरती वाळू किंवा मासे आणणेही परवानगीशिवाय करता येत नाही. वन हक्क अधिनियम, २००६ मध्ये वननिवासी समुदायांच्या हक्कांत मासे व जलाशयांतील इतर उत्पादनांचा समावेश आहे. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात असलेले मेंढा (लेखा) हे गाव सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी एक आहे. अशा क्षेत्रांतील माशांवर स्थानिक ग्रामसभेचा हक्क पोहोचतो. या कारणांमुळे मत्स्यालयासाठी वाळू दुकानातून विकत घेणे हाच सरळ मार्ग ठरतो.

नदीच्या तळाशी संबंध

मत्स्यालयात वाळूचा थर काढल्यावर मासे जसे विस्कळीत होतात, तसाच परिणाम नदीपात्रातून वाळू उपसल्यावर मोठ्या प्रमाणावर होतो. वाळूबरोबर कीटकांच्या अळ्या, कृमी व माशांची अंडी निघून जातात. पात्र खोल होते, पाणी गढूळ राहते आणि उथळ वाळूच्या पट्ट्यांवर अवलंबून असलेल्या लहान तळवासी माशांचा आसरा नाहीसा होतो. धरणांमुळे वरून येणारी वाळू अडते, त्यामुळे उपसलेल्या वाळूची भरपाई होण्यास विलंब लागतो. वैनगंगेवर भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरण आहे. गोदावरीवरील मेडीगड्डा बॅरेजचे पाणी अडवल्यास त्याचा फुगवटा सिरोंचा तालुक्यातील पात्रात पसरतो. संथ व खोल पाण्यात वाळूवर बारीक गाळ बसतो आणि वाळूच्या तळाऐवजी गाळाच्या तळाला अनुकूल असलेल्या माशांना वाव मिळतो.

मत्स्यालयातील मासे नदीत किंवा तलावात सोडण्याने वेगळा धोका निर्माण होतो. दक्षिण अमेरिकेतील चूषकमुखी मिशाळ मासा टाकीतील शेवाळ खातो म्हणून विकला जातो, पण तो मोठा झाल्यावर अनेकदा जलाशयात सोडला जातो. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागा आणि आंध्र प्रदेशातील जलाशयांत तो पसरला आहे. तो काठात बिळे करतो, जाळी फाडतो आणि स्थानिक माशांच्या खाद्यात वाटेकरी होतो. आफ्रिकी मागूर या मांसाहारी माशाच्या पालनावरही भारतात बंदी आहे. नको असलेला मासा दुकानदाराला परत करणे किंवा दुसऱ्या पालकाकडे देणे, तसेच टाकीतून काढलेली जुनी खडी, वाळू व पाणी नदीनाल्यात न टाकणे ही काळजी मत्स्यपालकांकडून अपेक्षित असते. काढलेल्या तळात गोगलगायींची पिले, वनस्पतींचे तुकडे व रोगजंतू असू शकतात. म्हणून ती खडी किंवा वाळू उन्हात पूर्ण वाळवून मगच बागेत अथवा कुंडीत वापरतात.